उपाहारगृहांच्या पाट्या : गिरगांव-काळबादेवीच्या इतिहासाचें एक दुर्लक्षित साधन

१. ताम्रपट, शिलालेख, सनदा, महजर, जमाखर्चाच्या वह्या व खासगी पत्रें हीं इतिहासाचीं साधनें होत, याविषयीं आतां कोणास शंका राहिलेली नाहीं. एके काळीं तीहि होती, आणि त्या काळांत किती दप्तरें वाण्याच्या पुड्यांस लागलीं याची गणती आतां होणें नाहीं. प्रस्तुत लेखांत ज्या साधनाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों तें पुष्कळच अर्वाचीन आणि दिसण्यांत क्षुद्र आहे. शहरांतील खाणावळी, उपाहारगृहें, भोजनालयें व चहाचीं दुकानें यांवरील पाट्या, आंत टांगलेले नियमांचे व दरांचे फलक, आणि गल्ल्यावरील बिलें, कूपनें व मासिक गिऱ्हाइकांच्या वह्या हें तें साधन होय. कोणी कोणाच्या हातचें आणि कोणाच्या पंक्तीस खावें, हा आपल्या समाजांतील फार जुना प्रश्न. गेल्या सव्वाशें वर्षांत त्याचें उत्तर कसकसें पालटत गेलें, हें या पाट्यांवरील शब्दांत जितकें उघड दिसतें तितकें इतर कागदपत्रांत क्वचितच दिसतें, असें आमचें मत आहे.

या विवेचनासाठीं आम्हीं मुंबईंतील एकच भाग घेतला आहे. धोबीतलावापासून ठाकुरद्वार व गिरगांव यांवरून प्रार्थनासमाजापर्यंतचा, आणि त्यास लागून असलेला काळबादेवीचा. इतक्या थोड्या जागेंत इतक्या निरनिराळ्या प्रकारचीं अन्नगृहें दाटीनें नांदलेलीं दुसरीकडे फारशीं आढळणार नाहींत.

२. प्रथम स्थलविचार. केळेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी हीं नांवेंच सांगतात कीं, हा भाग मूळचा बागाईताचा. खोताची वाडी हें नांव अठराव्या शतकांतील दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थावरून पडलें. त्यांनीं जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस विकले, आणि त्या कुटुंबांचीं लांकडी सज्ज्यांचीं घरें पुढें या वाडीची ओळख झालीं. म्हणजे वस्तीच्या आरंभापासूनच येथें दोन भिन्न चुली शेजारीं शेजारीं पेटत होत्या. पुढें १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, १८५७ सालीं विद्यापीठ स्थापन झालें, १८६९ सालीं धोबीतलावाशीं सेंट झेवियर कॉलेज निघालें, १८८९ सालीं विल्सन कॉलेज चौपाटीवरील आपल्या इमारतींत आलें. काळबादेवीकडे मुळजी जेठा मार्केटांत कापडाचा व्यापार वाढला. त्याच बाजूच्या कोलभाट गल्लींत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या कपाटांत काव्यमालेचे भाग असतील त्यांस तो पत्ता परिचितच आहे.

या सर्व ठिकाणीं येणारा माणूस बहुधा एकटा असे. विद्यार्थी, कारकून, जुळारी, दलाल, गुमास्ता, खलाशी. घर कोंकणांत, देशावर, काठेवाडांत किंवा गोव्यांत, आणि मुंबईंत फक्त एक वळकटी व एक ट्रंक. त्यास निजावयास जागा कोठेंहि मिळे. अडचण जेवणाची पडे. घरची स्त्री किंवा स्वजातीचा स्वयंपाकी नसतां जेवावें कोठें, या अडचणींतून या भागांतील अन्नगृहें जन्मास आलीं.

३. ही अडचण शास्त्रास अपरिचित नव्हती. आपस्तंब धर्मसूत्रांत बाजारांत विकत मिळणारें शिजविलेलें अन्न खाण्याचा निषेध आहे. उलट कौटिलीय अर्थशास्त्राच्या नगरव्यवस्थेच्या प्रकरणांत ‘औदनिक’ म्हणजे शिजलेला भात विकणारा, आणि ‘पाक्वमांसिक’ म्हणजे शिजविलेलें मांस विकणारा, हे नगरांतील नित्याचे धंदेवाले म्हणून येतात. त्यांनीं परिचित माणसांसच आपल्याकडे उतरूं द्यावें, एवढीच काय ती अट आहे. निषेध व व्यवहार हे असे फार प्राचीन काळापासून शेजारीं राहात आले आहेत. मुंबईंत नवें घडलें तें एवढेंच कीं, व्यवहारास पाटी लावण्याची गरज पडली, आणि पाटी लावावयाची म्हणजे तडजोडीस नांव द्यावें लागलें. तीं नांवें आतां क्रमानें पाहूं.

४. ‘खाणावळ’ हा या वर्गांतील अस्सल मराठी शब्द. फारशी ‘खाना’ या शब्दाशीं संबंध जोडून कित्येक तो ‘खानावळ’ असा लिहितात. परंतु दळणावळ, धुणावळ, शिवणावळ, घडणावळ हे शब्द शेजारीं ठेवून पाहतां ‘-आवळ’ हा प्रत्यय त्या त्या कामाच्या मोबदल्याचा वाचक आहे हें ध्यानांत येतें. दळण्याचे पैसे ती दळणावळ, त्याप्रमाणें खाण्याचे पैसे ती खाणावळ. आणि ‘महिन्याची खाणावळ किती पडते?’ अशा बोलण्यांत तो अर्थ उघड दिसतो. तेव्हां मूळ अर्थ मोबदला, व त्यावरून पुढें स्थळ, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. विशेष हा कीं, जें अन्न विकूं नये असें शास्त्र म्हणे, त्याच्या विक्रीची कबुली या शब्दाच्या पोटांतच आहे.

खाणावळीच्या पाटीवर पूर्वीं स्वयंपाक्याची जात हीच मुख्य गोष्ट असे. ब्राह्मणाची खाणावळ, मराठा खाणावळ, हिंदु हॉटेल हे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. रेल्वेच्या स्थानकांवर हिंदूंचा चहा व मुसलमानांचा चहा निराळा मिळे, हेंहि पुष्कळांच्या ऐकण्यांत असेल. या शब्दांचें वजन कळण्यास पुण्याचें पंचहौद मिशनचें प्रकरण आठवावें. १८९० सालीं तेथें टिळक व रानडे यांच्यासारख्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला, आणि एका पेल्यावरून ग्रामण्य माजून तें शंकराचार्यांपर्यंत गेलें. ज्या समाजांत चहाच्या पेल्यावरून प्रायश्चित्ताची वेळ येते, त्या समाजांत पाटीवरील ‘ब्राह्मणाची’ हें पद म्हणजे जाहिरात नसून अभयपत्र होतें. गिऱ्हाइकास दारांतच कळावें कीं, येथें जेवल्यानें गांवीं कोणी बोल लावणार नाहीं.

५. ‘क्लब’ व ‘आश्रम’ हे दोन शब्द याच वर्गांतले, पण वेष पालटलेले. काळबादेवी रस्त्यावरील फ्रेंड्स युनियन जोशी क्लब या नांवांत ‘क्लब’ म्हणजे खेळण्याची किंवा गप्पांची जागा नव्हे. गुजराथी पद्धतीचें ताट मिळण्याचें तें ठिकाण. याच परिसरांतलें १९४५ सालचें ठाकर भोजनालय संस्कृत नांव घेऊन तोच व्यवहार करतें. ‘क्लब’ म्हटलें कीं सभासद आले, आणि सभासद एकमेकांस ओळखणारे असतात; विकत घेतलेल्या अन्नास घरच्या पंक्तीचें रूप देण्याची ही युक्ति असावी, असें आम्हांस वाटतें. ‘आश्रम’ शब्दानेंहि तेंच साधतें, कारण आश्रमांतील अन्न विकत नसतें. खोताच्या वाडींतील अनंताश्रम हें मात्र गोमंतकी पद्धतीच्या माशांच्या जेवणासाठीं नांवाजलेलें होतें. आश्रम म्हणतांच जीं कंदमुळें डोळ्यांपुढें येतात त्यांऐवजीं तेथें ताटांत सुरमई येई, आणि याचें कोणास नवल वाटत नसे. तें आतां बंद झालें आहे.

धोबीतलावावर ‘क्लब’ शब्दाचा तिसरा अर्थ भेटतो. गोव्यांतील ख्रिस्ती लोकांचे गांववार ‘कूड’ येथें आहेत. कोंकणींत कूड म्हणजे खोली. एकेका गांवाचा एकेक कूड. त्या गांवचा माणूस बोटीवरील नोकरीच्या शोधांत आला म्हणजे त्यास अल्प खर्चांत तेथें आसरा मिळे. भिंतीशीं वेदी, आणि सायंकाळीं सर्वांची एकत्र प्रार्थना. यांसहि क्लबच म्हणतात. एक इंग्रजी शब्द, पण गुजराथी व्यापाऱ्याच्या तोंडीं त्याचा अर्थ पंक्ति, आणि गोवेकर खलाशाच्या तोंडीं गांव. अशा शब्दांचा अर्थ कोशांत शोधून भागत नाहीं. पाटी कोणत्या दारावर होती हें ठाऊक असावें लागतें.

६. धोबीतलावाच्या जेर महाल या इमारतींत अशा अनेक कुडांची वस्ती, आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर कयानी आणि कंपनी हें १९०४ सालचें इराण्याचें दुकान. इराणी हा या कथेंतील निर्णायक पुरुष होय. यझ्द व केरमान या प्रांतांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं जे लोक आले त्यांत जरथोस्ती होते तसे मुसलमानहि होते. मरीन लाइन्सजवळचें सासानियन १९१३ सालचें, आणि ग्रँट रोड स्थानकासमोरील मेरवान १९१४ सालीं निघालेलें. रस्त्याच्या कोपऱ्यावरील गाळे हिंदु दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ते इराण्यांस मिळाले अशी वार्ता सर्वत्र सांगितली जाते. ती लोकवार्ता म्हणून नोंदून ठेवावी. परिणाम मात्र डोळ्यांनीं दिसण्यासारखा आहे. दोन रस्त्यांकडे उघडणारें, आंतबाहेर सर्वांस दिसणारें असें हें दुकान. संगमरवरी टेबलें, वांकवलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे, दारांत गल्ल्यावर मालक.

या पाट्यांवरील नांवें इतिहासाच्या अभ्यासकानें अवश्य वाचावींत. कयानी हें शाहनाम्यांतील राजवंशाचें नांव. सासानियन हें इ. स. २२४ ते ६५१ पर्यंत इराणवर राज्य करणाऱ्या घराण्याचें. जातीचा, स्वयंपाक्याचा किंवा देवतेचा उल्लेख येथें नाहीं. इराणी हा आपल्या जातिव्यवस्थेच्या उतरंडींत कोठेंच बसत नसल्यामुळें त्याच्या दुकानीं कोण कोणाशेजारीं बसला हें विचारणारा कोणी नव्हता. टेबलास पंक्ति नसते. जो प्रश्न सुधारकांनीं व्यासपीठावर मांडला, तो येथें वादावांचून बाजूस पडला. अर्थात् इराणी कांहीं समाजसुधारणेसाठीं आला नव्हता. त्यास चहा विकावयाचा होता.

चहाबरोबर तो मस्का लावलेला ब्रून, खारी व मावा केक देई. येथें ‘पाव’ या शब्दाविषयीं दोन अक्षरें लिहिणें अवश्य आहे. पायांनीं तुडविलेल्या पिठाचा म्हणून पाव, ही व्युत्पत्ति अजून ऐकूं येते. ती टाकाऊ आहे. शब्द पोर्तुगीज भाषेंतील असून तेथें त्याचा अर्थ भाकर एवढाच. तो गोव्याकडून आपल्यांत आला. परंतु ही चुकीची व्युत्पत्ति टिकली कां, याचें कारण इतिहासाचें आहे. पाव खाणें म्हणजे बाटणें असा समज एके काळीं दृढ होता, आणि निंद्य वस्तूस निंद्य व्युत्पत्ति चिकटतेच.

७. यानंतर पाट्यांवर एक नवा शब्दसमूह दिसूं लागतो, आणि आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा तोच आहे. ‘स्वच्छ’, ‘आरोग्य’, ‘हेल्थ’ हे ते शब्द. दादर येथील १९१० सालच्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाच्या नांवांत ‘स्वच्छ’ हें विशेषण आहे. ‘आरोग्य भुवन’ हें नांव दादरासच तांबे यांनीं घेतलें. गिरगांवांत फणसवाडीपाशीं विनय हेल्थ होम आहे. ‘शुद्ध’ व ‘स्वच्छ’ यांतील भेद संस्कृतज्ञांस सांगावयास नको. सोवळें हें शुद्धीचें, आणि धुतलेलें ताट हें स्वच्छतेचें. सोवळ्यांतील माणसाचें पंचें मळकें असूं शकतें, आणि स्वच्छ माणूस ओंवळा असूं शकतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, त्यानंतर रोगाचें भय घरोघर शिरलें, व स्वच्छता हा शब्द म्युनिसिपालिटीच्या तोंडून सर्वांच्या तोंडीं आला. अशा वेळीं पाटीवर ‘ब्राह्मणाचें’ याऐवजीं ‘स्वच्छ’ लिहिणें म्हणजे जुन्या शंकेस नवें उत्तर देणें होतें. ‘कोणाच्या हातचें?’ असें विचारावयास आलेला मनुष्य ‘हात धुतलेले आहेत’ हें उत्तर ऐकून आंत जाऊं लागला. जातीचा प्रश्न यानें सुटला नाहीं. तो न विचारतां जेवण्याची सोय मात्र झाली.

या पालटाचा पुरावा ताटांतच सांपडतो. ज्या पावानें माणूस बाटे, तोच पाव ‘हेल्थ होम’ अशा पाटीखालीं मिसळीच्या जोडीस बसला, आणि मराठी फराळाचा भाग झाला.

याच संदर्भांत एक लेखनविषयक सूचना. ‘उपाहार’ म्हणजे मुख्य जेवणाहून गौण असा आहार. ‘उपहार’ म्हणजे देवास किंवा थोरांस अर्पण करण्याची वस्तु. पाट्यांवर मात्र ‘उपहारगृह’ असेंच पुष्कळदां दिसतें. पाटीची नक्कल करतांना ही चूक सुधारूं नये. पोथीच्या संपादनांत लेखकदोष जसा टिपेंत दाखवितात व मूळ पाठ तसाच ठेवितात, तोच नियम येथें पाळावा. रंगाऱ्यानें काय लिहिलें हाच पुरावा आहे.

८. तिसरा थर प्रदेशाचा व पदार्थाचा. उडुपीचें श्रीकृष्णमंदिर व तेथील मठांची अन्नदानाची परंपरा यांच्या पुण्याईवर दक्षिण कानडांतील मंडळींनीं मुंबईंत जम बसविला. माटुंगा स्थानकाजवळील रामा नायक यांचें उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचें. मूळ गांव, देवता व इंग्रजी ‘बोर्डिंग’ असे तीन थर त्या एका नांवांत आहेत. पुढें ‘उडिपी’ हें विशेषनाम राहिलें नाहीं. इडली-डोसा मिळण्याच्या जागेस तें सामान्यनाम झालें. गिरगांवांतहि ‘उडप्याकडे जाऊं’ असें म्हणणारा त्या क्षेत्राचा विचार करीत नसतो. त्याचप्रमाणें ‘राईसप्लेट’ हा शब्द आला. ताटांत वाढपी पुन्हा पुन्हा येतो. प्लेट एकदांच येते, आणि तिची किंमत फलकावर असते. पंक्तीचें जेवण ‘पोटभर’ या मापानें मोजलें जाई, तें आतां नगावर मोजूं लागले.

कायद्यानेंहि पाट्यांवर आपला ठसा उमटविला. १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळांत सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, तो सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादिकांपुरता होता. खासगी खाणावळ त्याच्या कक्षेबाहेर राहिली. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानें उल्लेख करून तेथें धर्म, जाति इत्यादि कारणांवरून मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यानें मज्जाव हा गुन्हा ठरविला. आंबटशौकिनांच्या परिचयाची ‘परमिट रूम’ ही पाटी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची संतति होय.

९. पाट्या काय सांगत नाहींत हेंहि सांगितलें पाहिजे. सर्वांत मोठ्या संख्येनें ज्या खाणावळी चालल्या त्यांस पाटीच नव्हती. गिरणगांवांत हजारों गिरणीकामगार चाळींतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीनें जेवत. तिची खोली हीच खाणावळ, आणि गिऱ्हाइकांचे खाडे मांडलेली वही हेंच तिचें दप्तर. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांस बँकेचें कर्ज मिळण्याची वाट करून दिली, तेव्हां त्यांचा व्यवसाय कागदोपत्रीं आला. अशा वह्या कोणाच्या घरीं उरल्या असतील तर त्यांचें मोल आम्ही कोणत्याहि पेशवाई जमाखर्चाहून कमी मानणार नाहीं.

दुसरें असें कीं, जुना प्रश्न संपला आहे असें पाट्या म्हणत नाहींत. ‘शुद्ध शाकाहारी’ हीं अक्षरें आज जागोजाग आहेत. येथें ‘स्वच्छ’ जाऊन ‘शुद्ध’ पुन्हा परतला आहे. फरक इतकाच कीं, तें पद आतां स्वयंपाक्याच्या जातीस न लागतां पदार्थास लागतें. तें खरोखर पदार्थापुरतेंच लागतें काय, हें पुढील अभ्यासकांनीं तपासावें.

१०. शेवटीं संग्राहकांस विनंति. असे कागद बहुधा विनातारीख असतात; पण काल ठरविण्याच्या खुणा आहेत. दर आण्यांत असल्यास फलक १ एप्रिल १९५७ च्या आधींचा किंवा त्याच्या आगेंमागें. ‘नये पैसे’ असल्यास १९५७ ते १९६४ मधील. पत्त्यांत ‘मुंबई ४’ एवढाच अंक असल्यास तो बहुधा १९७२ पूर्वींचा, कारण त्या वर्षीं सहा आंकडी पिनकोड सुरू होऊन त्याचें ४००००४ झालें. ‘गिरगांव रोड’ आहे कीं ‘जगन्नाथ शंकरशेठ मार्ग’, ‘प्रिन्सेस स्ट्रीट’ आहे कीं ‘शामळदास गांधी मार्ग’, हेंहि पाहावें. जातीच्या नांवानें मज्जाव सांगणारी पाटी १९५० च्या अलीकडची असण्याचा संभव थोडा.

हें काम त्वरेनें होणें अवश्य आहे. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गासाठीं गिरगांव-काळबादेवींतील कांहीं जुन्या इमारती पाडल्या गेल्या. चाळींच्या जागीं मनोरे उठत आहेत. २०२२ सालीं दुकानांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन देवनागरी पाटी प्रथम व ठळक लावणें आवश्यक झालें. ही गोष्ट इष्टच आहे. परंतु नवी पाटी चढते त्या दिवशीं जुनी उतरते, आणि उतरलेली पाटी भंगारांत जाते. ज्या सभासदांची मालकांशीं ओळख असेल त्यांनीं ती मागून घ्यावी. न मिळाल्यास छायाचित्र, लांबीरुंदी, अक्षरशः नक्कल व जागेचा पत्ता एवढें तरी टिपून ठेवावें. नियमांचे फलक, कूपनें व वह्या यांचीहि अशीच नोंद व्हावी. पोथ्या मिळविण्यासाठीं आपण गांवोगांव हिंडलों. या पोथ्या तर रस्त्यावर, डोक्याच्या वर टांगलेल्या आहेत.